‘तुम्हांला काही विचारायचे आहे काय?’

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



दरसाल या समारंभात उत्तीर्ण विद्यार्थ्यांना उपदेशाचे चार शब्द ऐकवण्याचा प्रघात आहे, आणि यंदा ते काम चिटणिसांनी आमच्यावर सोपवले आहे. कष्ट करा, आईबापांना विसरू नका, ज्ञातीचे नाव उज्ज्वल करा, हे तुम्ही पूर्वीच्या वक्त्यांकडून आमच्यापेक्षा चांगल्या भाषेत ऐकलेले आहे. त्याची पुनरुक्ती करून तुमचे जेवण आम्ही लांबवीत नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका लहानशा गोष्टीविषयी. नोकरीच्या मुलाखतीत सारे प्रश्न आटोपले म्हणजे समोरचे साहेब कागद आवरता आवरता एक शेवटचा प्रश्न विचारतात : “तुम्हांला काही विचारायचे आहे काय?” आणि आपला मुलगा चटकन उठून, हात जोडून म्हणतो, “नाही सर.”

या ‘नाही सर’विषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

मुलाखतीत कोणते प्रश्न येतील व त्यांची उत्तरे कशी द्यावीत, याविषयीची पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात, आणि वसतिगृहातली मुले ती पाठही करतात. परंतु आपण कोणते प्रश्न विचारावेत याची तयारी करून गेलेला उमेदवार आमच्या पाहण्यात क्वचितच आला. आपण काही मूळचे अबोल लोक नव्हे. सोयरीक जुळवताना आपण काय काय विचारतो ते आठवून पाहा. घर स्वतःचे की भाड्याचे, जमीन जिरायत की बागायत, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते काय, भाऊ किती, वाटण्या झाल्या आहेत काय, थोरल्या सुनेचे सासूशी पटते काय; इतकी चौकशी झाल्यावाचून आपल्याकडे सुपारी फुटत नाही. मग ज्या पगाराच्या भरवशावर ही सोयरीक ठरायची, त्या पगाराविषयी मात्र आपण तोंडातून शब्द काढीत नाही. पुष्कळ मुलांना “नोकरी पर्मनंट आहे ना?” हा प्रश्न पहिल्यांदा भावी सासरा विचारतो, आणि त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, हे त्या मुलाला त्या क्षणी कळते.

हे मौन आले कोठून? आमच्या समजुतीप्रमाणे ते मागल्या पिढ्यांच्या नोकरीच्या रीतीतून आले. आपल्यातील पुष्कळ घरांतले पुरुष मुंबईस गिरण्यांत गेले, ते गावच्या कोणा जॉबरच्या शब्दावर. ज्याने शब्द टाकला त्याच्यासमोर अटींची विचारपूस करणे म्हणजे त्याचा उपमर्द करणे होय, अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे आपण कायम कामगार आहोत की ‘बदली’, हेही कित्येकांना आधी ठाऊक नसे. बदली कामगाराने रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर परत खोलीवर यायचे. असे वर्षानुवर्षे काढलेली माणसे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्याच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. पुढे गिरण्या गेल्या, जॉबर गेले; आज अर्ज संगणकावरून जातो आणि मुलाखत कधी कधी घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावर होते. पण “गप्प राहा, मिळतेय ते पदरात पाडून घे” हा घरचा उपदेश मात्र तसाच राहिला आहे. तो करणारी वडीलधारी मंडळी आज या सभागृहात बसलेली आहेत, म्हणून आमचे अर्धे भाषण त्यांच्यासाठी आहे.

प्रश्न विचारला तर साहेब रागावतील, ही भीती निराधार आहे काय? सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. असे मालक आहेत. परंतु नियुक्तिपत्र कोणाच्या सहीचे मिळेल, एवढे सभ्यपणे विचारल्याने जो रागावतो, त्याच्या रागातच आपल्याला हवे ते उत्तर मिळालेले असते. बहुतेक ठिकाणी अनुभव उलटा येतो. माणूस निवडणाऱ्यालाही काळजी असते की, हा दोन महिन्यांत सोडून तर जाणार नाही ना? समजून-उमजून विचारणारा उमेदवार त्याला अधिक भरवशाचा वाटतो.

मात्र प्रश्न हा आयत्या वेळी सुचत नाही. तो घरून तयार करून न्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी माहिती काढावी लागते. जे सहज वाचून कळण्यासारखे आहे ते विचारणे हा वेळेचा अपव्यय होय. ज्या कंपनीचे भाग शेअर बाजारात विकले जातात, तिचा वार्षिक अहवाल कोणालाही फुकट वाचता येतो. त्यात धंदा वाढतो आहे की आटतो आहे, कारखाने कोठे आहेत, हे सारे छापलेले असते. अहवाल वाचून गेलेल्या मुलाचा प्रश्न आपोआपच निराळा होतो. “आपली कंपनी काय बनवते?” असे न विचारता तो विचारतो, “नवा विभाग सुरू होत आहे असे अहवालात वाचले. माझी नेमणूक त्या विभागात होईल काय?” लहान कारखान्याचा अहवाल हाती लागत नाही. तेथे आम्ही सांगतो तो उपाय करा : मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाळी सुटण्याच्या वेळी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. पगार कोणत्या तारखेला होतो, जादा कामाचे पैसे मिळतात की नाही, माणसे टिकतात की पळतात, हे तेथे न विचारताही कानांवर पडते.

आता प्रश्नांचा क्रम. पहिला प्रश्न कामाचा असावा, पैशाचा नसावा. लाज म्हणून आम्ही हे सांगत नाही. कामाचा प्रश्न पुढच्या प्रश्नांची वाट मोकळी करतो म्हणून सांगतो. “साहेब, ही जागा नवी निर्माण झाली आहे, की आधीचे कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे?” हा आमच्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न होय. जागा नवी असेल तर काम वाढते आहे. कोणी बढती घेऊन वर गेला असेल तर वर जाण्याची वाट आहे. आणि दीड वर्षात तिसरा माणूस शोधत आहोत असे साहेबांच्या तोंडून निघाले, तर तेथे काहीतरी दुखते आहे हे उमगते. दुसरा प्रश्न : “पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय काय व्हावे अशी आपली अपेक्षा आहे?” याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला आपण माणूस कशासाठी घेत आहोत हेच नीट ठाऊक नाही असे समजावे. मुलाखत इंग्रजीत असेल तर हे प्रश्न इंग्रजीत लिहून, मोठ्याने वाचून, कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावेत. अडखळलेले इंग्रजी माफ होते; अर्थच न लागणारे होत नाही.

यानंतर ज्याला आम्ही ‘पटाचा प्रश्न’ म्हणतो तो येतो. शाळेत मूल वर्गात बसलेले असते पण त्याचे नाव पटावर नसते, तसा प्रकार औद्योगिक वसाहतींत सर्रास चालतो. मुलगा गावाकडे सांगतो की, मी अमुक मोठ्या कंपनीत लागलो. गणवेशावरही त्या कंपनीचे नाव असते. पण त्याचे नाव असते ठेकेदाराच्या पटावर. आमचा एक विद्यार्थी अशाच एका कारखान्यात चार वर्षे राबला. दर सात महिन्यांनी त्याला काही दिवसांचा ‘ब्रेक’ मिळे आणि पुन्हा नवा कागद होई. चौथ्या वर्षी घरासाठी कर्ज काढायला तो बँकेत गेला, तेव्हा बँकेने नोकरीचा सलग पुरावा मागितला, आणि त्याच्याजवळ निघाले तीन वेगवेगळ्या ठेकेदारांचे सहा कागद. कंपनीने त्याला फसवले, असे म्हणायलाही जागा नव्हती. कारण तिने त्याला कधी नोकरीवर ठेवलेच नव्हते. त्याने पहिल्या दिवशी एक वाक्य विचारायला हवे होते : “नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने निघेल, आणि मुदत किती?”

हा प्रश्न विचारण्यास आता कायद्याचे पाठबळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या व त्यांनी एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा घेतली. त्यांप्रमाणे कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. ठराविक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्या माणसाला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कायम नोकरांसाठी पाच वर्षांची अट आहे. म्हणून ‘करारावर घेतो’ असे कोणी म्हटले, तर करार थेट कंपनीशी की ठेकेदाराशी, शिकाऊ उमेदवार म्हणून की कामगार म्हणून, हे विचारून घ्यावे. शिकाऊ उमेदवारी वाईट नव्हे. ती हस्तकौशल्याची शाळाच आहे. पण ती मुदत संपली म्हणजे नोकरी देणे मालकावर सहसा बंधनकारक नसते, हे मनात पक्के धरून तिच्यात शिरावे.

आता पैशाचा प्रश्न. येथे मुलांची जी फसगत होते ती बहुधा खोटेपणाने होत नाही, गणित न केल्याने होते. आणि गणित हा आमचा विषय असल्यामुळे येथे थोडे थांबण्याची परवानगी मागतो. ‘वार्षिक पॅकेज तीन लाख साठ हजार’ असे सांगितले जाते. मुलगा बाराने भागतो आणि घरी तीस हजार सांगतो. बाप पाहुण्यांना पस्तीस सांगतो, ते सोडा. पॅकेज याचा अर्थ कंपनीला तुमच्यामुळे येणारा एकूण खर्च. त्या तीस हजारांत दहा टक्के, म्हणजे तीन हजार, ‘कामगिरीनुसार’ देय असले, तर ते दरमहा हाती येत नाहीत; वर्षाअखेर येतील किंवा येणारही नाहीत. राहिले सत्तावीस हजार. मूळ वेतन पंधरा हजार धरले तर मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी बारा टक्क्यांनी १,८०० रुपये, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२१ रुपये, हीही त्यातच मोजलेली असतात. राहिले २४,४७९. त्यातून तुमच्या स्वतःच्या वाट्याचा निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता, हाती पडतात २२,४७९ रुपये. तीस हजारांचे साडेबावीस हजारही पुरते होत नाहीत. यात निधीचे पैसे तुमचेच आहेत, ते बुडत नाहीत. पण खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे त्यांतून निघत नाहीत. म्हणून विचारावे : “दरमहा हाती किती पडेल, मूळ वेतन किती, आणि बदलता भाग मागील वर्षी लोकांना प्रत्यक्षात किती मिळाला?” यांतला शेवटचा तुकडा विसरू नये. हा प्रश्न काम पाहणाऱ्या साहेबांना न विचारता मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यास विचारावा. तो त्याचाच विषय असतो आणि त्याला त्याचे वाईट वाटत नाही.

आपल्या ज्ञातीतील मुलेमुली डी.एड्., बी.एड्. होऊन शाळांकडे फार मोठ्या संख्येने वळतात. त्यांना आम्ही थोडे अधिक सांगू इच्छितो, कारण ज्या क्षेत्रात आमचे केस पिकले तेथील न विचारलेल्या प्रश्नांची किंमत आम्ही जवळून पाहिली आहे. शाळेला ‘मान्यता’ आहे एवढे ऐकून उमेदवार निश्चिंत होतो. परंतु शासनाची मान्यता निराळी आणि शासनाचे अनुदान निराळे. या राज्यात ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून कितीतरी शाळा निघाल्या. त्यांतला ‘कायम’ हा शब्द शासनाने २००९ मध्ये वगळला, आणि त्यांतल्या काहींना वीस टक्के अनुदान मिळू लागले ते २०१६ पासून. मधली वर्षे तेथल्या शिक्षकांनी कशी काढली असतील? सकाळी वर्ग, दुपारनंतर दुसऱ्याच्या दुकानात हिशेब, सुटीत शेतमजुरी, असे संसार आम्ही पाहिले आहेत. एका गृहस्थांना तर लग्नानंतर नऊ वर्षे पगार म्हणून एक रुपया मिळाला नव्हता. त्यांच्या पत्नीच्या शिलाईयंत्रावर घर चालले. एका शिक्षकाच्या घरात अन्नाला लागणारी ही नऊ वर्षे एका प्रश्नाने वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. कदाचित उत्तर कळूनही दुसरा मार्ग नसल्याने त्यांनी तीच नोकरी धरली असती. परंतु मग निदान डोळे उघडे ठेवून धरली असती, आणि संस्थेला शिकवणीवर्गाची किंवा अन्य परीक्षेची सवड आधीच मागून घेतली असती.

तेव्हा शिक्षकाच्या जागेसाठी गेलात, तर असे विचारा : शाळेला अनुदान किती टक्के आहे? ही जागा संचमान्यतेत मंजूर आहे काय? बिंदुनामावलीत ती कोणत्या प्रवर्गाची आहे? वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे कोण आणि केव्हा पाठवणार? अनुदानित शाळेतील भरतीसाठी शासनाची ‘पवित्र’ प्रणाली आहे. ती वगळून नेमणूक कशी होणार, हेही विचारायला कचरू नका. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे मानधनावर जातात, आणि ते मानधन २०२३ मध्ये प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा व उच्च माध्यमिकला वीस हजार असे वाढवले गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोणी पाच हजारांवर सही करायला सांगितले तर तो निदान चपापेल. नेमणुकीची तारीख ही क्षुल्लक बाब समजू नये. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि जे त्या तारखेआधी लागले पण ज्यांच्या शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळाले, त्यांना आपल्या पेन्शनसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आणि जेथे जागेसाठी ‘देणगी’ मागितली जाते तेथे एकच प्रश्न विचारावा : “पावती कोणत्या नावाने मिळेल?” बहुधा मुलाखत तेथेच संपते, आणि बापाची जमीन वाचते.

खाजगी कंपन्यांत आणि काही बँकांत हल्ली ‘बॉण्ड’ लिहून घेतात : इतकी वर्षे सोडायचे नाही, सोडल्यास इतकी रक्कम भरायची. असले कागद न्यायालयात टिकत नाहीत असे मित्र सांगतात. त्यांवर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाख रुपयांचा असा करार वैध ठरवला. प्रत्येक बॉण्ड टिकेलच असे नव्हे. रक्कम वाजवी आहे काय, शिकवण्यावर खरोखर खर्च झाला आहे काय, हे पाहिले जाते. म्हणून मुलाखतीतच विचारावे : “बॉण्ड आहे काय, किती मुदतीचा, आणि त्याबदली कोणते शिक्षण मिळेल?” मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार काय, हेही विचारा. पडताळणीसाठी दाखवणे ठीक. ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवून येणे ठीक नाही. दहावीचे प्रमाणपत्र अडकल्यामुळे हातची सरकारी नोकरी गेलेला मुलगा आम्हांस ठाऊक आहे.

भगिनींविषयी दोन शब्द बोललो नाही तर हे भाषण अपुरे राहील. मुलीच्या नोकरीविषयी आईबाप प्रश्न विचारतात, पण मुलीलाच विचारतात, आणि तेही नको म्हणण्यासाठी. त्यापेक्षा तेच प्रश्न मुलीने मालकाला विचारावेत. रात्रपाळी आहे काय, असल्यास घरापर्यंत गाडी सोडते काय? तक्रार निवारणाची अंतर्गत समिती आहे काय? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत ती असलीच पाहिजे. पन्नास माणसे असतील तर पाळणाघराची सोय आहे काय? बाळंतपणाची भरपगारी रजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली आहे, ही रजा मागताना मुली ओशाळतात, आणि काही ठिकाणी “लग्न केव्हा करणार?” हा प्रश्न मात्र त्यांना बिनदिक्कत विचारला जातो. त्यावर आमच्या एका विद्यार्थिनीने दिलेले उत्तर असे : “लग्न ठरले की सांगेन, पण कंपनीचे पाळणाघर कोठे आहे ते आजच पाहून ठेवते.” तिला ती नोकरी मिळाली, आणि आज ती त्याच कंपनीत माणसे निवडण्याच्या बाजूला बसते.

काय विचारू नये, तेही सांगून टाकतो. पहिल्या भेटीत रजा किती, सुट्ट्या किती, घरी लवकर सोडता काय, हे विचारू नये. ते नियुक्तिपत्रात येते, आणि नेमणूक ठरल्यावर विचारता येते. पाचांहून अधिक प्रश्न विचारून साहेबांची उलटतपासणी घेऊ नये. लोकसेवा आयोगासमोर तर अटी विचारण्याचे कारणच नाही. तेथे सर्व काही जाहिरातीत आणि नियमांत छापलेले असते, आणि ते न वाचता गेलेल्याला प्रश्न सुचले तरी ते चुकीचेच सुचतात.

आणि उत्तरे मिळाली म्हणजे त्याच संध्याकाळी ती वहीत तारखेसह लिहून ठेवावी. नाहीतर पंधरा दिवसांनी नियुक्तिपत्र येते तेव्हा साहेब नेमके काय म्हणाले होते याविषयी घरात चार मते पडतात. पत्र व वही शेजारी ठेवून वाचावीत. तफावत दिसली तर हजर होण्यापूर्वी नम्रपणे लिहावे : “मुलाखतीत आपण असे सांगितले होते, पत्रात असे आहे, कृपया खुलासा व्हावा.” हजर झाल्यावर तेच पत्र तक्रार ठरते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते आम्ही पाहिले आहे. या समारंभास आलेल्यांपैकी ज्यांच्या खिशात नवे नियुक्तिपत्र किंवा कराराचा कागद असेल, त्यांनी जेवणानंतर वाचनालयाच्या खोलीत यावे. आम्ही, आणि कामगार कचेरीतून निवृत्त झालेले आपले एक ज्ञातिबंधू, चार वाजेपर्यंत तेथे बसणार आहोत. कागद पूर्ण आणावा, नुसते पहिले पान आणू नये; अटी मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतात, आणि त्यासाठी भिंगही आणून ठेवले आहे.